बगळ्याची रात्रपाळी
संक्रांतीच्या भेटीसाठी गमतीच्या भरतकामाचा स्वेटर



बहुतेक शेतकरी घरांत एक तरी चांगला स्वेटर असतोच. तो कुठे असतो हेही साऱ्यांना ठाऊक असते : ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, लग्नाच्या फेट्याखाली. लेकीने पहिल्या पगारातून आणलेला असतो, नाही तर सुनेने दोन महिने बसून विणलेला असतो. आणि ज्याच्यासाठी तो आणला, तो घरधनी पौषातल्या रात्री दोन वाजता जुना सदरा आणि डोक्याला टॉवेल एवढ्यावर गव्हाची दारे धरायला निघतो. ‘अहो, स्वेटर घाला की,’ म्हटले तर उत्तर ठरलेले : ‘चिखलात कशाला? चांगला आहे तो. लग्नाकार्याला होईल.’

लग्नकार्ये उन्हाळ्यात येतात. स्वेटर तसाच राहतो, आणि थंडी मात्र दर वर्षी अंगावरून जाते.

यावर एक उपाय आहे, आणि तो रागावण्याचा नाही, हसवण्याचा आहे. यंदाच्या संक्रांतीला असा स्वेटर द्या, की जो लग्नाला घालून जाताच येणार नाही. त्याच्या छातीवर अशी गंमत भरा, की तो फक्त बांधावरच शोभेल. ज्या स्वेटरवर मफलर गुंडाळलेला बगळा हातबत्ती घेऊन उभा आहे, तो कोण मांडवात घालील? तो शेतातच घालावा लागतो. म्हणजे आपले काम झाले.

ही कल्पना आली कुठून?

अंगावर गंमत घालण्याची हौस नवी नाही. ब्रिटन-अमेरिकेत नाताळच्या दिवसांत मुद्दाम हसू येईल असे स्वेटर घालतात. कुणाच्या छातीवर लाल नाकाचे सांबर, तर कुणाच्या पोटावर बर्फाचा माणूस. ब्रिटनमध्ये २०१२ सालापासून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था डिसेंबरातला एक दिवस अशा स्वेटरांसाठीच पाळते. त्या दिवशी लोक गमतीचा स्वेटर घालतात आणि मुलांच्या मदतीसाठी पैसे देतात.

त्यांचा स्वेटर सणापुरता असतो. चार दिवस घातला की पुढच्या नाताळापर्यंत कपाटात. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. आपला स्वेटर सणाला द्यायचा, पण माघी पौर्णिमेपर्यंत रोज अंगावर राहिला पाहिजे. म्हणून त्यावरची गंमत टिकाऊ हवी, आणि टाकेही टिकाऊ हवेत.

संक्रांतीला हे शोभते, कारण हा सण थंडीचाच आहे. तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, काळे कपडे, सारे उबेसाठी. मात्र एक लक्षात ठेवा : काळा रंग उन्हाची ऊब ओढून घेतो. रात्री ऊन नसते, तेव्हा रंगाचा उपयोग नसतो. रात्री ऊब राखतो तो लोकरीच्या केसांत अडकलेला हवेचा थर. घोंगडी हेच काम पिढ्यानपिढ्या करीत आली आहे. पण घोंगडीची खोळ सावरण्यात एक हात गुंततो आणि दारे धरायला दोन्ही हात लागतात. स्वेटर हात मोकळे ठेवतो.

गंमत कोणती करावी?

सुई हातात घेण्याआधी हा विचार पुरता करा. स्वेटर दुसऱ्याच्या अंगावर जायचा आहे आणि त्याला तो चार माणसांत घालायचा आहे. तेव्हा नियम एकच : ज्याच्यासाठी स्वेटर आहे, तो सर्वांत आधी हसला पाहिजे.

काही गोष्टींवर गंमत कधीच करू नये. शरीराचे व्यंग, टक्कल, तोतरेपणा यांवर नको. कर्ज, बुडालेले पीक, दारू, मूलबाळ नसणे यांवर तर मुळीच नको. घरात हसतील, पण पारावर तोच विनोद काट्यासारखा सलेल. संक्रांतीला आपण गोड बोला म्हणतो, ते सुईलाही लागू आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी उखाण्यात आपण नवऱ्याची चेष्टा करतो आणि त्याच ओळीत मानाने नावही घेतो. स्वेटरवरची गंमत त्या जातीची हवी.

चित्र निवडतानाही जपावे लागते. रात्रपाळी म्हटली की पहिले घुबड आठवते. पण घरातल्या आजी घुबड पाहून तोंड फिरवतील. टिटवी काढावी, तर रात्रीची टिटवीही अनेकांना अशुभ वाटते. बैल काढला तर पोरे ‘बैलोबा’ म्हणून चिडवतील. कोल्हा लबाड.

उरला बगळा. त्यालाही ‘बगळाभगत’ म्हणून नाव ठेवलेलेच आहे. पण एका पायावर उभा, डोळे मिटलेले, उभ्या उभ्या डुलकी, ही पहाटे चार वाजता दारे धरणाऱ्या माणसाचीच अवस्था नाही का? शिवाय बगळा आपल्या पाण्याचा जुना सोबती. वाफ्यात पाणी शिरले की बिळांतून किडे बाहेर पडतात, आणि ते टिपायला तो मागोमाग येतो. दिवसभर पाण्यामागे फिरणाऱ्या बगळ्याला वीज रात्रीची आली म्हणून रात्रपाळी लागली, ही आपली गंमत. पुढे बगळा, वर चंद्रकोर, आणि पाठीवर अक्षरे : ‘लाईट आली की उठवा.’

यात चेष्टा माणसाची नाही, रात्रीच्या विजेची आहे. म्हणून ती त्याला आवडेल.

वेळेचे गणित

१५ नोव्हेंबरला पेरलेला गहू घ्या. मुकुटमुळे फुटण्याचे पाणी साधारण २१ व्या दिवशी, म्हणजे ६ डिसेंबरच्या आसपास. फुटव्यांचे पाणी ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेर. आणि ओंबी-फुलोऱ्याचे पाणी ६० ते ६५ दिवसांनी. या गव्हाचे ६० दिवस बरोबर १४ जानेवारीला भरतात. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. म्हणजे तिळगुळाचे हात धुऊन होतात न होतात तोच रात्रीची पाळी उभी. निफाड-धुळे भागात याच दिवसांत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली उतरतो. भेट ऐन वेळेवर पोचते ती अशी.

भरतकामाला दोन आठवडे धरा. बगळा, मफलर आणि चंद्र मिळून सुमारे सव्वातीनशे टाके होतात. संध्याकाळी चूल आवरल्यावर चाळीस टाके घातले तरी आठ दिवसांत चित्र पुरे. अक्षरांना चार संध्याकाळी, आणि दोऱ्यांची टोके आत घ्यायला दोन. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हात घातला तर भोगीपर्यंत स्वेटर तयार होतो. स्वेटरही घरीच विणायचा असेल, तर मात्र दिवाळी उरकताच सुया धरा. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या स्वेटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते.

स्वेटर आधी पारखून घ्या

ट्रंकेतला जुनाच स्वेटर घेतला तर उत्तम. गडद रंगाचा, साधा, सुलट विणीचा असावा. पण तो कशाचा आहे हे आधी पाहा. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराच धागा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो, ऊबही देतो. पण रात्री शेतात शेकोटी पेटते. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर तो वितळतो, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून खोल भाजतो. खरी लोकर तशी वितळत नाही. ठिणगीने ती करपते आणि बहुधा तिथेच विझते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषला तरी ती अंगाला ओली लागत नाही. दवात काम करणाऱ्याला हे मोलाचे आहे.

ओळखायची रीत सोपी. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून दिव्यावर न्या. शेजारी पाण्याचे भांडे ठेवा आणि पोरांना दूर बसवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तर खरी लोकर. धागा वितळून त्याचा काळा कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकचा स्वेटर टाकून देऊ नका, पण तो घालून शेकोटीला खेटून बसायचे नाही, हे बजावून सांगा.

भरायची लोकर स्वेटरच्या धाग्याइतकीच जाड घ्यावी. बारीक घेतली तर खालचा काळा रंग डोकावतो. घरातल्या उरलेल्या गुंडाळ्या पुरतात : पांढरी जास्त, लाल, पिवळी आणि राखाडी थोडी. लाल धागा आधी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. फडके लाल झाले तर तो धागा वापरू नका. नाही तर पहिल्या धुण्यात बगळा गुलाबी व्हायचा.

चित्र चौकटीत बसवताना

सुलट विणीकडे नीट पाहा. प्रत्येक टाका गव्हाच्या ओंबीतल्या जोडदाण्यासारखा दिसतो. आपल्याला त्या प्रत्येक जोडदाण्यावर रंगीत लोकरीचा दुसरा टाका चढवायचा आहे. म्हणून मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवर चित्र काढावे. एक चौकट म्हणजे एक टाका.

इथे एक खुबी आहे. विणीचा टाका चौरस नसतो, तो रुंद आणि बुटका असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २० टाके बसतात, पण १० सेंटिमीटर उंचीत २८ ओळी बसतात. म्हणजे वहीवर छान दिसणारा बगळा स्वेटरवर दबून बदक होतो. यासाठी पाच टाक्यांना सात ओळी हा हिशेब धरून चित्र मुद्दाम उंच काढा. तुमच्या स्वेटरवर पट्टी ठेवून टाके आणि ओळी एकदा मोजून घ्या, कारण प्रत्येकीचा हात निराळा असतो.

आपला बगळा २० टाके रुंद आणि ४५ ओळी उंच काढावा. स्वेटरवर तो सुमारे १० सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच होतो. खालून १४ ओळींचा एकच पाय, दोन टाके रुंद. त्यावर १६ ओळींचे अंग, आंब्याच्या कोयीच्या आकाराचे, मध्ये १४ टाके रुंद. वरच्या १५ ओळींत मान आणि डोके. मानेभोवती चार ओळींचा लाल मफलर. गायबगळ्याची चोच पिवळी असते, तशीच ठेवा. पाय खरे तर काळपट असतात, पण काळ्या स्वेटरवर दिसावेत म्हणून राखाडी घ्या. चंद्रकोर डोक्यापासून चार बोटे वर, पिवळी, पंचवीसएक टाक्यांची.

टाका कसा घालावा

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. टोकदार सुई विणीचा धागा फाडते. लोकरीचा धागा हातभरच घ्या. लांब धागा ओढून ओढून पिंजतो.

उजवीकडून डावीकडे चला. जोडदाण्याच्या खालच्या टोकातून सुई वर काढा. वरच्या ओळीतल्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून सुई आडवी न्या. परत पहिल्याच भोकात खाली घाला. धागा नुसता टेकेल इतकाच ओढा. ताणला तर स्वेटरला चुण्या पडतात, सैल सोडला तर बटणात अडकतो. एक ओळ झाली की तिच्या वरची धरा. मागच्या बाजूने तीन-चार टाक्यांपेक्षा लांब दोरा नेऊ नका. घालताना त्यात बोट अडकते. रंग संपला की टोक मागच्या विणीत पाच-सहा टाके ओवून मगच कापा. नुसती गाठ मारली तर ती पाठीला किंवा छातीला टोचते.

अंग भरून झाले की बारीक काम साधा धागा घेऊन वरून करा. मिटलेला डोळा म्हणजे देठाच्या टाक्याची एक वाकडी रेघ. पंखाखाली हातबत्ती, तिचा उजेड पिवळ्या धाग्याच्या तीन सरळ टाक्यांचा. बस्स. डोळे उघडे काढू नका. मिटलेल्या डोळ्यांतच सारी गंमत आहे.

स्वेटर यंत्रावर विणलेला, अगदी बारीक विणीचा असेल, तर असे टाके मोजता येत नाहीत. तेव्हा पांढऱ्या फ्लानेलचा बगळा कापून काजाच्या टाक्याने लावा. फ्लानेल आधी धुऊन वाळवा, कारण ते पहिल्या धुण्यात आटते आणि मग स्वेटर गोळा होतो.

पाठीवरची अक्षरे

अक्षरे साखळी टाक्याने भरा. कच्च्या दोऱ्याने आधी आखणी करून घ्या. पेनाने किंवा कार्बनने नको, ते डाग निघत नाहीत. ‘लाईट आली की’ एका ओळीत आणि ‘उठवा’ खाली, थोडे मोठे. अक्षराची उंची चार सेंटिमीटर ठेवली की बांधाच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता येते.

शिरोरेघ हा आपल्या अक्षरांचा मान, पण विणकामावर तीच घात करते. एकसंध, घट्ट रेघ पाठभर मारली तर स्वेटर तिथे ताणला जात नाही, आणि खोरे उचलताना दोरा तटकन तुटतो. म्हणून रेघ सैल साखळीचीच असावी आणि प्रत्येक शब्दाशी तोडावी.

अक्षरेही पांढरी घेतली तर आणखी एक फायदा होतो. काळ्यावरची पांढरी अक्षरे बत्तीच्या उजेडात लांबून दिसतात. माणूस कुठल्या वाफ्यात आहे ते कळते, आणि अंधारात रस्त्याने घरी येताना मागच्या गाडीवाल्यालाही ती दिसतात.

काय लोंबू देऊ नये

मफलरला खऱ्या झालरी लावाव्यात, टोकाला गोंडे सोडावेत, असा मोह होईल. तो आवरा. स्वेटर घातलेला माणूस त्याच अंगाने कडबाकुट्टीजवळ उभा राहतो, मळणी यंत्रात पेंढ्या टाकतो, इंजिनाच्या पट्ट्याशेजारून जातो. लोंबता धागा फिरत्या चाकात गेला की पाठोपाठ हात जातो. आपली सारी गंमत स्वेटरला सपाट चिकटलेली हवी. याच कारणाने बाह्यांवर काही भरू नका, आणि मनगटाची वीण सैल झाली असेल तर ती आधी घट्ट करून घ्या.

धुणे आणि जपणे

चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, मग झटका. लोकरीचा स्वेटर थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात दाबून दाबून धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने तो लांबतो, आणि बगळ्याचा करकोचा होतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची चपटी होते.

देताना

स्वेटर भोगीच्या रात्री द्या, जेवणे झाल्यावर, घरातलीच माणसे असताना. संक्रांतीच्या पाहुण्यांसमोर पहिल्यांदा उघडू नका. माणसाला गमतीशी ओळख करून घ्यायला घरातली एक रात्र मिळाली पाहिजे. आधी पुढची बाजू दाखवा, पाठ नंतर. मामंजींना द्यायचा असेल तर सासूबाईंच्या हातून द्या. त्यांचे हसू आले की मामंजींना नाही म्हणता येत नाही. भाऊ असेल तर त्याच्या लेकीच्या हातून.

‘हे काय ध्यान केलेस!’ असे ते म्हणतील. म्हणू द्या. त्या आठवड्यात पाळी आली की स्वेटर अंगावर चढवून तेच शेजारच्या बांधावर पाठ वळवून उभे राहतील. ‘स्वेटर घाला’ हे शंभरदा सांगून जमले नाही ते असे जमते, कारण आता तो घालण्यात थंडीची कबुली नसते. थंडी वाजते हे बऱ्याच पुरुषांना कबूल करवत नाही. गंमत दाखवायची आहे म्हणून घातला, हे मात्र सहज म्हणता येते.

एवढ्यावर काळजी संपत नाही. आत कोरडे बनियन, पायांत गमबूट, हातात चांगली बत्ती आणि जोडीला कुणीतरी, हे स्वेटरइतकेच गरजेचे आहे. अंग भिजून हुडहुडी थांबेना, बोलणे अडखळू लागले, तर पाणी राहू द्या. ओले कपडे काढून माणसाला कोरड्या घोंगडीत घ्या आणि दवाखाना गाठा. गहू एका रात्रीने बुडत नाही.

आता शेवटची गोष्ट, चंद्राची. तो चढवलेल्या टाक्यांचाच भरा, कारण तसे टाके मागून कापून अलगद उसवता येतात आणि खालच्या विणीला धक्का लागत नाही. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्यांच्या शिवारात दिवसाची वीज पोचली, त्यांनी बगळ्याच्या डोक्यावर आत्ताच सूर्य भरावा आणि त्याचे डोळे उघडावेत. ज्यांची पाळी अजून रात्रीची आहे, त्यांनी चंद्रच भरावा, आणि पिवळ्या लोकरीची एक छोटी गुंडाळी सुईच्या डब्यात जपून ठेवावी. ज्या वर्षी दिवसाची वीज येईल, त्या संक्रांतीला ती लागणार आहे.